हे पर्यावरणाच्या रकान्यात टाकू की सामाजिक?

रकानेवाली

मंडळी, मदत हवी आहे. आमचा एक वाचनगट आहे. यंदा विषय ठरला 'आजच्या शहरांपुढचे प्रश्न', आणि संशोधन काय सांगतं याचा भिंतीवर लावायचा तक्ता करणं माझ्या गळ्यात पडलं. सोपं वाटलं म्हणून हो म्हटलं. दोन रकाने आखले. डावीकडे पर्यावरण, उजवीकडे सामाजिक. हवा डावीकडे, उष्णता डावीकडे. एकटेपणा उजवीकडे, घरभाडं उजवीकडे. इथवर गाडी सुरळीत. मग पुरापाशी अडले. पाऊस डावीकडचा, पण पाणी साचतं ते सखल भागात, आणि सखल भागात घर कोण घेतं? ज्याला दुसरीकडे परवडत नाही तो. म्हणून पूर उजवीकडे नेला. मग वाटलं, उष्णतेचंही तेच असेल. दोन दिवस चिठ्ठ्या इकडून तिकडे चिकटवतेय, डिंक संपत आला.

तुम्ही हा तक्ता कसा केला असता? उदाहरणं द्या, शक्यतो कुणीतरी खरोखर मोजलेली. 'माणूस निसर्गापासून दुरावला' छापाची वाक्यं गटात पोत्याने आहेत, ती नकोत.

मधलीसुट्टी

तिसरा रकाना काढा: 'दोन्हीकडे'. सगळं त्यात कोंबा. तक्ता तयार.

तळटीप

उष्णतेपासून सुरू करू, कारण तिची मोजणी बरीच जुनी आहे. ल्यूक हॉवर्ड म्हणून लंडनमध्ये औषधं बनवणारे एक गृहस्थ होते. ढगांचे प्रकार पाडून त्यांना नावं देणारे तेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी शहरातल्या आणि शहराबाहेरच्या तापमानाच्या नोंदी वर्षानुवर्षं ताडून पाहिल्या. रात्री शहर ३.७ अंश फॅरनहाइटने जास्त गरम निघालं. दिवसा मात्र किंचित थंडच!

खरी मेख या रात्रीच्या फरकात आहे. काँक्रीट आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि अंधार पडला की हळूहळू सोडतात. उंच इमारतींच्या मधल्या बोळातून आकाश जेमतेम दिसतं, त्यामुळे उष्णतेला वर निसटायला वाट कमी. ओली माती आणि झाडं असती तर बाष्पीभवनात थोडी खर्च झाली असती. शरीराला रात्री जो विसावा लागतो तोच मिळत नाही. हे निव्वळ भौतिकशास्त्र आहे. बिनधास्त डावीकडे टाका.

गच्चीखालचा

भौतिकशास्त्र माझ्या छतातून येतं, त्यामुळे दोन शब्द बोलतो. मी शेवटच्या मजल्यावर भाड्याने राहतो. रात्री साडेदहाला पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकवली की सदऱ्यातून ऊब जाणवते, कुणीतरी पलीकडून टेकून बसल्यासारखी. पंखा लावला की छताची हवा खाली येते, बंद केला की घाम. तळमजल्यावरच्या मित्राकडे एक तापमापक ठेवलाय, एक माझ्याकडे. रोज अकराला दोघे आकडा टिपतो. माझ्याकडे चार अंश जास्त. इमारत तीच, ऊन तेच. फक्त वरची खोली स्वस्त मिळाली म्हणून मी वर आहे. आता सांगा, मी कुठल्या रकान्यात?

मधलीसुट्टी

तुम्ही ओव्हनमध्ये.

उलटतपासणी

हल्ली सगळंच सामाजिक म्हणायची टूम निघाली आहे. ऊन तापतं ते पृथ्वी तापतेय म्हणून आणि आपण झाडं तोडली म्हणून. पारा कुणाचा पगार विचारत नाही. गच्चीखालचा यांनी छताला पांढरा रंग मारावा, प्रश्न मिटला. प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायला लागलं की उपाय राहतो बाजूला.

गच्चीखालचा

छत माझं नाही हो. मालक म्हणतात रंग मारा, पण तुमच्या खर्चाने. अकरा महिन्यांनी घर सोडायचं, मग गारव्यात झोपणार पुढचा भाडेकरू.

नकाशे

@उलटतपासणी, पारा पगार विचारत नाही हे खरं, पण नकाशे विचारतात. अमेरिकेत १९३०च्या दशकात गृहकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले. जिथे कर्ज देणं 'धोक्याचं', त्या वस्त्या लाल. आणि लाल रंग प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांना मिळाला. २०२० मध्ये तिघा संशोधकांनी असल्या १०८ शहरांचे जुने नकाशे उपग्रहाच्या तापमान-नोंदींवर ठेवून पाहिले. लाल वस्त्या बाकीच्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेल्या. असाच कल ९४ टक्के शहरांत दिसला. कर्ज नाही म्हणून गुंतवणूक नाही, म्हणून झाडं नाहीत, आणि मग जमीन स्वस्त म्हणून मोठे रस्ते आणि गोदामं तिथेच. नकाशा रंगवणारे लोक हयात नाहीत, पण त्यांनी लाल केलेली वस्ती आजही तापते आहे.

तळटीप

नकाशे यांच्याशी सहमत, पण तक्त्यात लिहिताना एक काळजी घ्या. उपग्रह मोजतो ते पृष्ठभागाचं तापमान, म्हणजे छपराचं, डांबराचं, झाडाच्या शेंड्याचं. आपण ज्या हवेत उभे असतो तिचं नव्हे. दुपारी डांबर पाय भाजेल इतकं तापतं, दीड मीटर वरची हवा तेवढी तापत नाही. हे दोन आकडे एकाच रांगेत लिहून 'शहर इतक्या अंशांनी तापलं' म्हणायची चूक बातम्यांत नेहमी होते.

चष्मिष्ट

आणि घर थंड करायला लावलेला एसी ती उष्णता टाकतो कुठे? रस्त्यावर. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचं संगणकी प्रारूप मांडून हे तपासलं गेलं. एसींनी बाहेर फेकलेल्या उष्णतेने रात्री काही भागांतली हवा एका अंशाहून जास्त गरम होते असं निघालं. म्हणजे ज्याच्याकडे एसी आहे तो गारव्यात, आणि त्याच्या खिडकीखालचा त्याची ऊब शेकतोय. रकानेवाली, ही चिठ्ठी मधल्या रेघेवरच चिकटवा.

पाऊलवाट

बराच काळ वाचनमात्र होते, पण शिकागोचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. जुलै १९९५ मधल्या उष्णतेच्या लाटेत तिथे आठवडाभरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. पुष्कळसे म्हातारे, एकटे राहणारे. चोरीच्या भीतीने खिडक्या बंद, दार वाजलं तरी उघडत नाहीत. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या घेतल्या. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. हवामान एकच, गरिबी दोन्हीकडे, एकट्या वृद्धांचं प्रमाणही साधारण सारखं. पण उत्तरेत मृत्यूचं प्रमाण दक्षिणेच्या जवळपास दहापट! त्यांचं म्हणणं असं की दक्षिणेत रस्ते गजबजलेले होते, दुकानं होती, म्हाताऱ्यांना बाहेर पडायला जागा होती आणि कारणही. उत्तरेत कारखाने गेले, माणसं गेली, मोकळे प्लॉट उरले. त्या रस्त्याने म्हातारी गारव्याच्या शोधात तरी कशी निघणार?

हे वाचल्यापासून आमच्या जिन्यातल्या एका आजोबांचं दार मी उन्हाळ्यात दिवसाआड वाजवते. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी वर्गणी मागायला आले.

उलटतपासणी

हे उदाहरण दर वेळी येतं, म्हणून पुढचा भाग सांगतो. २००६ मध्ये मिचेल ड्युनियर या समाजशास्त्रज्ञांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. वस्तीची सरासरी पाहून त्या वस्तीतला अमुक माणूस का गेला हे ठरवता येत नाही, त्यासाठी मेलेल्या प्रत्येकाच्या ओळखीच्यांकडे जाऊन विचारावं लागतं, असा मुद्दा. क्लिनेनबर्ग यांनी त्याला उत्तरही दिलं, वाद चांगला रंगला. शिवाय दहापट वगैरे ऐकायला दणदणीत वाटतं, पण एकेका वस्तीतले मृत्यू मोजकेच होते. लहान आकड्यांच्या भागाकारातून मोठे आकडे सहज निघतात.

पाऊलवाट

आक्षेप मान्य. पण त्याच वर्षी ब्राउनिंग आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या अनेक वस्त्या एकत्र घेऊन तपासलं, तेव्हा बाजारपेठ ओस पडलेल्या वस्त्यांत मृत्यू जास्त हेच दिसलं. आणि समजा, तुमच्या म्हणण्याप्रमाणे वस्तीचा काही संबंध नाही असं धरलं. तरी दार वाजवायचं थांबवू का?

उलटतपासणी

तसं कुठे म्हणालो. वाजवा.

रकानेवाली

वा, दोघांचंही लिहून घेतलं. उष्णतेची चिठ्ठी आता सरळ रेघेवर आहे. हवेचं, पाण्याचं, वाहतुकीचं कुणी सांगेल का? अहमदाबादचं मीच टाकते. मे २०१० च्या लाटेत तिथे १३४४ मृत्यू जास्तीचे मोजले गेले, आणि २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. आधी इशारे, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. मला आवडलं ते हे की आधी मेलेल्यांची मोजदाद झाली, मग आराखडा. कारण उष्माघाताने गेलेला माणूस कागदोपत्री बहुधा हृदयविकारानेच जातो.

सिग्नललाउभा

वाहतुकीचं मी सांगतो, आयुष्याची कित्येक वर्षं तिथेच गेली आहेत. नगररचनाकार डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन रस्ते घेतले, घरं आणि माणसं साधारण सारखी, फरक फक्त गाड्यांचा. दिवसाला सुमारे २ हजार गाड्या, ८ हजार आणि १६ हजार. मग रहिवाशांना विचारलं, या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३, जास्त गाड्यांच्या रस्त्यावर ०.९. एक अख्खा मित्रसुद्धा नाही. रहिवाशांकडून 'माझी जागा' म्हणजे कुठवर, हेही नकाशावर काढून घेतलं होतं. पहिल्या रस्त्यावरच्यांनी सगळा रस्ता आपला म्हटला. तिसऱ्यावरच्यांचा 'आपला' भाग उंबऱ्यापर्यंत आक्रसलेला. हे छापून आलं १९७२ मध्ये.

मधलीसुट्टी

०.९ मित्र म्हणजे तो माझा मित्र, जो पैसे मागायच्या वेळी ०.१ कमी पडतो.

नळजोड

अहो पण मग रस्ता रुंद करा ना, गर्दी पांगेल, मैत्री वाढेल! (हे मी मुद्दाम चिडवायला लिहितोय.)

सिग्नललाउभा

चिडलो. ड्युरंटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांचे आकडे लावून दाखवलं की महामार्गांच्या सगळ्या मार्गिकांची मिळून लांबी १० टक्क्यांनी वाढवली की गाड्यांचा प्रवासही जवळपास १० टक्क्यांनी वाढतो. रस्ता मोठा, गर्दी तेवढीच. बरं, सार्वजनिक वाहतूक वाढवूनही एकूण गाड्या कमी होताना त्यांना दिसल्या नाहीत, हे आम्हा बसप्रेमींना गिळायला जड जातं. फरक पडला तो पैसे आकारल्यावर. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने प्रयोग म्हणून शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावलं. हद्दीवरची वाहतूक सुमारे पाचव्या भागाने घटली. प्रयोग संपला, गाड्या परत आल्या. आधी बहुतेक लोक विरोधात होते, पण अनुभव घेतल्यावर सप्टेंबरच्या जनमतात शहराने होकार दिला. २००७ पासून कायम.

चष्मिष्ट

आणि ज्याला शुल्क परवडतं त्याला आता मोकळा रस्ता. पुन्हा उजवा रकाना!

सिग्नललाउभा

अर्धं खरं. बसमधल्यालाही तोच मोकळा रस्ता मिळतो, त्याला शुल्क नाही. पण बसच नसेल तर तुमचं पूर्ण खरं.

नळजोड

आता पाण्याचं, गंभीरपणे. मी याच धंद्यातला. पावसाच्या गटारीचा पाइप किती मोठा घालायचा हे आम्ही 'इतक्या वर्षांतून एकदा पडणारा पाऊस' धरून ठरवतो. त्याच्या वरचं पाणी कुठे जाणार याचा विचार आराखड्यात पूर्वी नसायचाच. ते रस्त्याने जाईल, असं गृहीत. चीनने २०१५ पासून 'स्पंज सिटी'चे पथदर्शी प्रकल्प घेतले. झिरपणारे रस्ते, पाणथळ बागा, साठवण तळी. भूदृश्य रचनाकार कोंगज्यान यू यांचा हा आग्रह. चांगलाच आहे. पण २० जुलै २०२१ ला चंगचौ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला, आणि या शहरानेही स्पंजावर खर्च केला होता. भुयारी रेल्वेत पाणी शिरून १४ जण गेले. लगेच मथळे आले, 'स्पंज फसला'. अरे, तासाला २०० मिलिमीटर झेलायला स्पंज कधी केलाच नव्हता! रोजच्या, मधल्या पावसासाठी तो आहे. अतिपावसाला वेगळी वाट लागते. कोपनहेगनला २ जुलै २०११ च्या ढगफुटीने धुतलं, मग त्यांनी २०१२ च्या आराखड्यात ठरवलं की काही रस्ते आणि बागा जाणूनबुजून पाण्याखाली जाऊ द्यायच्या, म्हणजे तळघरं वाचतील. कुठली बाग बुडवायची हे पाइपवाला ठरवू शकत नाही. तिथे सभा घ्यावी लागते, आणि सभेत आम्ही इंजिनिअर लोक फार वाईट.

तळटीप

पाणी वर साचतं तसं जमीनही खाली जाते, तेही घ्या. टोकियोच्या पूर्वेकडचे काही भाग विसाव्या शतकात ४ मीटरहून जास्त खचले, कारण कारखान्यांनी भूजल उपसलं. १९५६ आणि १९६२ च्या कायद्यांनी उपसा रोखला, मग खचणं जवळपास थांबलं. जाकार्ता मात्र खचतंच आहे, उत्तरेकडे सगळ्यात वेगाने. तिथे समुद्राची पातळी वाढते ती मिलिमीटरने, जमीन जाते सेंटिमीटरने. उपसा का होतो? नळाचं पाणी सगळ्यांपर्यंत पोचत नाही म्हणून. झाली का परत सामाजिक?

रकानेवाली

झाली 😐

बाकावरची

बागांबद्दल कुणी बोललं नाही. बाग म्हणजे निर्मळ डावीकडची गोष्ट असं मला वाटायचं. पण न्यूयॉर्कच्या जुन्या रेल्वेपुलावर हाय लाइन ही बाग झाली (पहिला टप्पा २००९) आणि भोवतालची घरं महाग होत गेली. अभ्यासक याला ग्रीन जेन्ट्रिफिकेशन म्हणतात. ज्यांच्यासाठी बाग केली तेच तिथून उठतात. सोलमध्ये चंग्येचन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. सुंदर झालाय, काठाशी गारवा मोजलेला आहे. पण पाणी बरंचसं हान नदीतून पंपाने आणून सोडावं लागतं, आणि रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना एका जुन्या स्टेडियममध्ये हलवलं, पुढे ते स्टेडियमही पाडलं. त्यांची चिठ्ठी कुठे लावणार?

अजून एक. व्हिएन्नात १९९०च्या दशकात पाहणी झाली की साधारण नऊ वर्षांच्या पुढे मुली बागांतून दिसेनाशा होतात. मोठं मोकळं मैदान एकच असेल तर ते मुलगे व्यापतात. शहराने काही बागांत मैदानाचे छोटे तुकडे केले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा ठेवली, वाटा आणि दिवे नीट केले. मुली परत आल्या. झाड तेच, गवत तेच.

उलटतपासणी

हे मला माहीत नव्हतं. आवडलं.

मधलीसुट्टी

धाग्यावर ऐतिहासिक क्षण. स्क्रीनशॉट घेतला आहे.

सिग्नललाउभा

अवांतर, पण बाकावरून आठवलं. मी रोज जिथे थांबतो तो बसथांबा नवा, पत्र्याच्या छपराचा. उद्घाटन झालं, फोटो निघाले. दुपारी तीनला त्याची सावली पडते मागच्या गटारीवर. बसायचा बाक स्टीलचा, हात ठेववत नाही. तर लोक करतात काय? थांब्याशेजारी विजेचा खांब आहे, त्याच्या बारीक सावलीत एकामागे एक सहा जण उभे राहतात, आणि सावली सरकली की सगळी रांग पाऊलभर सरकते, घड्याळाच्या काट्यासारखी. पहिला नंबर नेहमी एका आजींचा असतो. कुणी ठरवलेलं नाही. ज्याने थांबा आखला तो तिथे दुपारी तीनला कधी उभा राहिला नसणार.

नकाशे

हा प्रतिसाद तक्त्यात जसाच्या तसा टाका.

चष्मिष्ट

मूळ प्रश्नाकडे येऊ. बेटनकोर्ट, वेस्ट वगैरे संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की शहराची वस्ती दुप्पट झाली की रस्ते, तारा, पाइप दुप्पट लागत नाहीत, माणशी सुमारे १५ टक्के बचत होते. पण पगार, पेटंट माणशी तेवढ्याच प्रमाणात वाढतात, आणि गुन्हे आणि साथीचे आजारही! ज्या गर्दीमुळे पाइप वाचतो त्याच गर्दीमुळे रोग पसरतो. माणसं जवळ आली, एवढं एकच कारण. तेव्हा कारण डावीकडे, परिणाम उजवीकडे असं करूनही सुटका नाही.

रकानेवाली

काल रात्री बसून उभी रेघ पुसली. आता प्रत्येक चिठ्ठीखाली तीन ओळी लिहितेय: काय मोजलं, कुठे उभं राहून मोजलं, आणि कुणाला विचारलंच नाही. तिसरी ओळ भरायला सगळ्यात वेळ लागतोय. सोलच्या चिठ्ठीत ती फेरीवाल्यांनी भरली. उपग्रहाच्या चिठ्ठीत 'हवा' असं लिहिलं. गटातले एक काका आताच म्हणाले, रकाने कुठे गेले, आता सजवायचं काय. त्यांना सिग्नललाउभा यांचा खांब काढून रंगवायला दिलाय.

गच्चीखालचा, तुमचे आकडे मला घ्यायचे आहेत. चालेल ना?

तळटीप

घेण्याआधी दोन गोष्टी. तापमापक भिंतीला टेकवलेला नको, थेट ऊन नको, एसीच्या झोताजवळ नको, दोन्ही खोल्यांत सारख्या उंचीवर हवा. आणि दोन्ही तापमापक आधी काही रात्री एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. बाजारातल्या तापमापकांत आपापसातच फरक असतो.

गच्चीखालचा

तीन रात्री ठेवले. एकाच टेबलावर, वीतभर अंतरावर. माझा वाला पाऊण अंश जास्त दाखवतो. तेव्हा 'चार अंश' खोडून सव्वातीन लिहा. उलटतपासणी आता फटाके फोडतील.

उलटतपासणी

सव्वातीनही काही कमी नाही. मालकांचा नंबर खासगी निरोपात पाठवा, रंगाचं मी बोलून पाहतो.